विज्ञानबाईंचा नसलेला कुत्रा

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काहीही संबंध नाही पण ज्यांचे कान कायम टवकारलेले असतात अशा घोलवड, बोर्डी, डहाणू व तलासरी परिसरातील तमाम ग्रामस्थांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, अणू नावाचा तपकिरी, डाव्या कानाने वाकडा आणि चिकूचा शौकीन असलेला कुत्रा हा विज्ञानबाईंचा नव्हता. तो त्यांच्या घरात राहत होता, त्यांच्या ताटातली भाकरी खात होता, त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून झोपत होता, आणि त्याच्या विम्याचा हप्ता त्यांच्या पेन्शनमधून जात होता. पण तो त्यांचा नव्हता. हे मी म्हणत नाही, खुद्द बाई म्हणत. बाईंनी त्या कुत्र्याला "माझा" असं एकदाही म्हटलं नाही, आणि या एका शब्दापायी बाई, मी, जानकीकाकी आणि तो कुत्रा असे आम्ही सगळे एक अख्खा उन्हाळा माझ्या ओटीवर अडकून पडलो.

तलासरीच्या शाळेत बाई आम्हाला विज्ञान शिकवत. उंची फळ्याच्या खालच्या कडेपर्यंत, आवाज मात्र हायवेवरच्या ट्रकवाल्यांनी ब्रेक मारावा असा. त्यांचा आवडता शब्द एकच: "पुरावा?" "बाई, विहिरीवर हडळ आहे." "पुरावा?" "बाई, काल मला ताप होता." "पुरावा?" एकदा मुख्याध्यापकांनी भर सभेत विद्यार्थी हे देशाचं भविष्य असल्याचं सांगितलं, तेव्हाही शिक्षकांच्या रांगेतून हाच प्रश्न आला म्हणतात. याचा पुरावा मात्र माझ्याकडे नाही.

तिठ्यावर कुणी उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं की आम्ही पोरं लांबून वळसा घालायचो. बाई ते उचलायच्या, पदराला पुसायच्या, शाळेत नेऊन धुवायच्या आणि प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रात त्याचं सरबत करून वर्गाला पाजायच्या. "आता बघू कोण मरतंय," असं म्हणून लगेच हजेरी घ्यायच्या. कुणी मेलं नाही. उलट उन्हाळ्यात आम्हीच लिंबं शोधत तिठ्या-तिठ्यावर हिंडू लागलो, आणि कुणाची बाधा उतरवायला टाकलेली लिंबं टिकेनात म्हणून गावातली दोन म्हातारी माणसं शाळेत तक्रार घेऊन आली.

पुढे मी घोलवडला चिकूच्या कलमांची रोपवाटिका टाकली, आणि निवृत्त झाल्यावर बाईंनी नेमकं माझ्या कुंपणाला लागून दोन खोल्यांचं घर बांधलं. मी पन्नाशीकडे झुकलेला, दोन मुलींचा बाप. पण बाईंच्या लेखी माझी ओळख बदललेली नव्हती. वर्गात मी जिथे बसायचो तेच माझं नाव. "काय रे शेवटच्या बाका, रोपांना पाणी घातलंस का?" हे भर गिऱ्हाइकांसमोर. कितीतरी लोकांची अजून अशी समजूत आहे की बाक हे माझं आडनाव आहे.

अणू त्यांना चिकूच्या रिकाम्या क्रेटमध्ये सापडला. तळहातावर मावायचा म्हणून अणू. आठवडा झाला नाही तोच त्याला रक्ताचे जुलाब लागले. डहाणूच्या डॉक्टरांनी सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली आणि "आता बघायचं" एवढंच म्हणाले. एरवी अशा उत्तरावर बाईंनी डॉक्टरांना बाकावर उभं केलं असतं. त्या दिवशी मात्र पिल्लाला पंच्यात गुंडाळून घरी आल्या आणि उंबऱ्यावर बसून राहिल्या.

जानकीकाकी तेव्हा वाडीतून परत निघाली होती. काकी म्हणजे माझ्या वाडीत चिकू तोडायला येणारी, मागच्याच पाड्यात राहणारी, साठीची आणि तोंडाने तिखट बाई. तिने पिल्लाकडे पाहिलं आणि भाजीचा भाव विचारावा तशी म्हणाली, "बाई, मला विकता काय?"

"काय विकू?"

"हा. मूठभर कोंड्याला. पोर जगत नसलं का आमच्यात असंच करतात. सुपात घालायचा, शेजारणीला विकायचा. मग तो तुमचा नाय. तुमच्या दारी कोन न्यायला आला तर त्याला सापडायचा नाय."

मी कुंपणापलीकडून कान लावून उभा होतो. आता बाई "पुरावा?" म्हणणार आणि काकीची शोभा होणार, या आनंदात मी रोपांना पाणी घालायचं थांबवलं होतं. बाई उठल्या. आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात सूप होतं.

काकीने घरून मूठभर कोंडा आणून बाईंच्या ओंजळीत घातला. सुपातलं पिल्लू घेऊन ती पुढच्या दाराने गेली, घराला वळसा घालून मागच्या दाराशी आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "अहो बाई, हा माझा कुत्रा. जरा सांभाळायला ठेवता काय?" बाई म्हणाल्या, "ठेवते." मग काकीने तंबी दिली, "आता याला कधी माझा म्हणायचं नाय. म्हणलात का ऐकणाऱ्याला कळतं, आनि तो परत येतो."

पिल्लू जगलं. "सलाइन लागू पडलं," बाई म्हणाल्या. "कोंडा लागू पडला," काकी म्हणाली. कुत्र्याने दोघींचं ऐकून घेतलं आणि चिकू खाल्ला. काकीने मालकीहक्काने त्याचं नाव कोंड्या ठेवलं. पाड्यात तो कोंड्या, बाईंकडे अणू, आणि दोन्ही नावांना तो सारख्याच आळसाने शेपटी हलवायचा.

बाईंना चिडवायची अशी संधी मला जन्मात मिळाली नव्हती. मी म्हटलं, "बाई, तिठ्यावरच्या लिंबाचं सरबत पाजणाऱ्या तुम्ही, आणि हे?"

"ऐकणारा कुणी नाही, हे मला माहीत आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण नाही याचा पुरावा माझ्याजवळ नाही."

"मग प्रयोग करून बघा ना. एकदाच म्हणा, माझा कुत्रा. काय होतंय ते दिसेल."

बाईंनी पायाशी पडलेल्या अणूकडे पाहिलं. "प्रयोगाला पुष्कळ कुत्रे लागतात रे," त्या म्हणाल्या. "इथे एकच आहे."

आता विम्याकडे येतो. बाईंची एक भाची नाशिकला असते. तिने मावशीच्या वाढदिवसाला मोबाइलवरूनच अणूचा विमा काढून दिला, पहिला हप्ता स्वतः भरून. मालकाच्या रकान्यात बाईंचं नाव तिनेच टाकलं, आणि बाईंना काही म्हणावं लागलं नाही. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका संध्याकाळी चिकूचे क्रेट भरलेला टेम्पो वाडीतून मागे येत असताना अणू चाकाजवळ सांडलेला चिकू उचलायला गेला.

मागचा पाय चाकाखाली सापडून मोडला. आम्ही त्याला तलासरीवरून हायवेने वापीला नेलं. डॉक्टरांनी हाडात सळई घातली आणि आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत सांगितलं, "बेन, चाटायला देऊ नका. गळ्यात काहीतरी घाला." बाईंनी रंगाची रिकामी बादली घेतली, तिचा तळ कापला आणि ती त्याच्या गळ्यात बसवली. त्यानंतर कुत्रा बाईंच्या घराच्या प्रत्येक दारात अडकू लागला. स्वयंपाकघरात जाताना अडके, बाहेर येताना अडके, आणि अडकला की हलायचा नाही. बादलीतून नुसते डोळे वर करून बघत राहायचा, कुणीतरी येऊन त्याला तिरका करेपर्यंत.

विम्याचा दावा दाखल झाला आणि कंपनीने मुंबईहून चौकशीला एक तरुण पाठवला. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. भल्या माणसाने आधी पाड्यात विचारलं, "अणू कुठे राहतो?" असा कुणी अणू पाड्यात कुणाच्या ओळखीचा नव्हता. त्याने फोटो दाखवला. "हा? हा तर कोंड्या. जानकीचा," असं आठ-दहा जणांनी एका सुरात सांगितलं. मग जानकीकाकीच आली. आपल्या कुत्र्याचा फोटो मुंबईहून कुणी घेऊन आलंय, हे पाहून ती जरा फुललीच.

"माझाच तो. विकत घेतलाय. बाईंकडून. रोख."

"कितीला घेतलात?"

"मूठभर कोंड्याला."

तरुणाने ते टॅबवर लिहून घेतलं. मग तो बाईंकडे आला. मी शेजारी खुर्चीत होतो. अणू दारात अडकलेला होता. "मॅडम, फक्त फॉर्मॅलिटी. हा कुत्रा तुमचाच ना?"

उभ्या आयुष्यात कुठल्याही प्रश्नाला मागे न सरणारी ती बाई. त्यांनी कुत्र्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तो इथे राहतो."

कंपनीचं उत्तर माझ्या मोबाइलवर आलं, कारण रेंज फक्त माझ्या ओटीवर येते. मी मोठ्याने वाचून दाखवलं: विमा उतरवण्यापूर्वीच प्राणी तिसऱ्या व्यक्तीस विकलेला असल्याने दावा नामंजूर.

"तिसरी कोन?" काकीने विचारलं.

"तू."

"मी तिसरी? मी पयली! मीच तर घेतलाय त्याला!"

त्याच आठवड्यात वापीच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून दाखवला. सळई सरकली होती. आता हाडाला धातूची पट्टी बसवायला दुसरं ऑपरेशन लागणार, आणि ते लवकर झालं नाही तर पाय काढावा लागणार. बाईंची शिल्लक पहिल्या ऑपरेशनात संपली होती. मी पैसे देऊ केले. "विद्यार्थ्याकडून घ्यायची सवय नाही," बाई म्हणाल्या, "आणि शेवटच्या बाकाकडून तर नाहीच." तेव्हा परिस्थिती अशी झाली: "माझा" म्हटलं तर कुत्रा जाईल, नाही म्हटलं तर पाय जाईल. बाई दोन्हींच्या मधे, बादली अडकावी तशा.

मग सुरू झाले फोन. दुपारी जेवण उरकलं की बाई, काकी आणि कुत्रा माझ्या ओटीवर येऊन बसत. आधी एक मंजूळ बाई सांगायची की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग एक धून लागायची. ती इतक्या वेळा ऐकली की माझी धाकटी मुलगी कलमं बांधताना ती गुणगुणू लागली. काकीला वाटायचं, पलीकडे कुणाचं तरी लग्न चालू आहे. "यांचं वऱ्हाड जेवून उठलं काय?" ती मधूनच विचारायची. एकदा खरोखर माणूस लागला आणि नम्रपणे म्हणाला, "मॅडम, मी कुत्र्याच्या ओनरशी बोलू शकतो का?" मी खुणा करेपर्यंत बाईंनी प्रामाणिकपणे फोन जानकीकाकीच्या हातात दिला.

"हां बोला," काकी म्हणाली. "मीच मालकीन. तुमच्याकडे सगळी बरी हायेत ना?"

फोन रेकॉर्ड होत होता.

शेवटी कंपनीने एक वाट ठेवली. विमाधारकाने व्हिडिओ कॉलवर, कुत्रा शेजारी दिसेल असं बसून, तो आपला असल्याचं स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मी आनंदाने उडी मारली. एवढंसं वाक्य! मी तालीम घ्यायची ठरवली. शाळेच्या नाटकात मला कधी भाल्याशिवाय भूमिका मिळाली नव्हती. आता मी थेट साहेब झालो. मुलीचा चष्मा लावला, खुर्ची उंच केली. "बोला मॅडम, कुत्रा तुमचा आहे का?"

"त्याला सगळ्या लशी मी टोचून आणल्या आहेत."

"ते विचारलं नाही. तुमचा आहे का?"

"माझ्या घरी आहे."

"हो की नाही?"

"तू आधी चष्मा काढ. तुला डोळे यायचे."

काकी हसून हसून खांबाला टेकली. "बाई, तुमच्या वर्गात कोनी असं उत्तर दिलं असतं तर पाठीत धपाटा बसला असता." मग तिलाच दया आली. "परत विकत घ्या मग. पन आमच्यात रीत हाय, विकलेला परत घ्यायचा तो लग्नाच्या वेळी. बघू काय एखादी कोंड्याला?"

माझ्या डोळ्यांसमोर मांडव उभा राहिला. घोलवड स्टेशनपासून वरात, मुंडावळ्या बादलीवरून सोडलेल्या, आणि मी मुलाचा मामा. पण बाईंनी एका वाक्यात सगळं मोडून टाकलं. "त्याची नसबंदी झालेली आहे," त्या म्हणाल्या.

काकीने विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला नारळ बोलून ठेवला. "बोल," बाई म्हणाल्या, "खोबरं चटणीला होईल." पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. त्या हल्ली कुत्र्याच्या पायाला हात लावून बसायच्या. एकदा कुंपणाशी मला हळूच म्हणाल्या, "मी इतकी वर्षं मुलांना सांगितलं, घाबरू नका, काही नसतं. सांगणं सोपं होतं रे. पोरं दुसऱ्यांची होती."

सुनावणीच्या दुपारी बाईंनी शाळेत तपासणीला नेसायची ती साडी नेसली. अणूला ओढून, तिरका करून, बाकावर त्यांच्या शेजारी बसवलं. काकी खांबाआड. पडद्यावर एक तिशीतली मॅडम आली. मागे पांढरी भिंत, गळ्यात कंपनीचं कार्ड, चेहरा असा की त्यावर पिन लावून कागद टांगावेत. "गुड आफ्टरनून. हे सेशन रेकॉर्ड होतंय. रिपोर्टमध्ये विक्रीची किंमत 'मूठभर कोंडा' लिहिली आहे. हे काय आहे?"

आणि बाईंनी सांगितलं. सगळं. पंच्यातलं पिल्लू, सूप, पुढचं दार, मागचं दार, ऐकणारा. एखाद्या विद्यार्थ्याने फळ्यापाशी उभं राहून चुकलेलं गणित वाचून दाखवावं तसं, मान वर ठेवून. "यातल्या कशाचाही मला पुरावा नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पण एवढे दिवस मी ते पाळलंय." खांबाआडून काकीने भर घातली, "आनि कुत्रा जगलाय, तेबी लिवा."

मॅडम कार्डाच्या दोरीशी बोटं चाळवत होती. मग म्हणाली, "नियमाप्रमाणे मला विचारावंच लागतं. हा कुत्रा तुमचा आहे का? फक्त हो किंवा नाही."

अणूने बादलीतून डोळे वर केले. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग त्या उभ्या राहिल्या. पायाचं पारडं जड झालं होतं, हे मला त्यांच्या जबड्यावरून कळलं. त्यांनी श्वास घेतला आणि सुरुवात केली, "लिहून घ्या. हा कुत्रा..."

इथे मी मुद्दाम थांबतो. त्यानंतर त्या ओटीवर जे शब्द ऐकू आले, त्यापुढे मला काही सांगता येणार नाही. म्हणून बाकीचं आधी सांगून घेतो.

प्रश्नोत्तरं पुढे बराच वेळ चालली, पण तो प्रश्न परत कुणी विचारला नाही. खायला कोण घालतं, लस कोण टोचून आणतं, पाय मोडला तेव्हा वापीला कोण घेऊन गेलं, एवढंच मॅडमने विचारलं आणि एवढंच लिहून घेतलं. प्राणी विमाधारकाच्या ताब्यात आणि संगोपनात असल्याचं मान्य करून दावा मंजूर झाला. पट्टी बसली. अणू आता चारही पायांवर धावतो. जरा तिरका धावतो, पण ती बादलीची सवय असावी.

बाई मात्र आता इथे नाहीत. गुडघ्यांनी दगा दिला, आणि गेल्या वर्षी भाची त्यांना नाशिकला घेऊन गेली. चौथा मजला, लिफ्ट, आणि कुत्रे ठेवायला सोसायटीची मनाई. निघायच्या दिवशी त्यांनी अणूची साखळी जानकीकाकीच्या हातात दिली. "तुझा तू घे," एवढंच म्हणाल्या आणि गाडीत बसून दार लावून घेतलं. दर रविवारी त्यांचा फोन माझ्याकडे येतो, आणि मी तो काकीला देतो. "तुझा कुत्रा कसा आहे गं?" "माझा बरा हाय. तुमचे गुडघे?" मग काकी फोन कुत्र्याच्या तोंडाशी धरते, आणि पलीकडे चौथ्या मजल्यावर कुणीतरी त्याचा श्वास ऐकत बसतं.

तर ती दुपार. बाई उभ्या. ओठ "माझा"मधल्या "मा"साठी मिटलेले. आणि पडद्यावरची ती कार्डवाली मॅडम, रेकॉर्डिंग चालू असताना, खुर्चीतून अर्धी उठली आणि ओरडली, "बाई, नका म्हणू! मलापण आईनं विकलंय, आणि अजून परत घेतलेलं नाही!"